पशुवैद्यकाची पदवी परवडणाऱ्या खर्चात कशी घ्यावी: खानदेशातील विद्यार्थी आणि पालकांसाठी

पशुवैद्यक शिक्षणाचा खर्च महाविद्यालयात गेल्यानंतर काटकसर करून फारसा कमी होत नाही. प्रवेश कोणत्या मार्गाने आणि कोणत्या कोट्यातून मिळाला, यावरच तो बहुतांशी ठरलेला असतो. त्यामुळे परवडणारे महाविद्यालय निवडण्याचे काम बारावीचा निकाल लागल्यावर सुरू करणे म्हणजे उशीर करणे होय. ते अकरावीच्या वर्षातच, निदान माहिती गोळा करण्यापुरते, सुरू व्हायला हवे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना समोर ठेवून हा विषय येथे मांडला आहे.

या भागाला पशुवैद्यकांची किती गरज आहे, हे येथील पशुपालकांना वेगळे सांगायला नको. लम्पी त्वचारोगाची २०२२ सालची साथ महाराष्ट्रात प्रथम रावेर तालुक्यातील चिनावल येथे आढळली, आणि त्याआधी २००६ मध्ये देशातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली नोंद नवापूरची होती. साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळांचे कळप, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील शेळ्या, तापीकाठच्या म्हशी आणि कापसाच्या शेतात राबणारे बैल पाहत वाढलेल्या मुलामुलींना या व्यवसायाची ओढ वाटली तर त्यात नवल नाही. ही ओढ पैशाअभावी अर्ध्यावर सुटू नये, किंवा तिच्यापायी घराच्या सातबाऱ्यावर बोजा चढू नये, यासाठी प्रवेशाची रचना नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पदवी कोणती, हे आधी नक्की करावे

पशुवैद्यक म्हणून स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यासाठी बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच., म्हणजे पशुवैद्यक व पशुसंवर्धन या विषयांची पदवी लागते. तिचा एकूण कालावधी साडेपाच वर्षांचा असून त्यातील साडेचार वर्षे शिक्षणाची आणि एक वर्ष सक्तीच्या आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे असते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात. खुल्या प्रवर्गासाठी त्यांत एकत्रित ५० टक्के गुणांची अट आहे आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. प्रवेश मात्र बारावीच्या गुणांवर होत नाही, तो नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस यांसाठी जी नीट आहे तीच येथेही चालते. वेगळी परीक्षा नाही. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, परंतु पुढचे शिक्षण इंग्रजीतून असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीचे शरीररचनाशास्त्र त्यामुळे जड जाते, म्हणून बारावीपासूनच जीवशास्त्राचे इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावलेली बरी.

येथेच एक गल्लत वारंवार होते आणि ती महागात पडते. पशुसंवर्धन किंवा दुग्धव्यवसाय या विषयांतील पदविका हे उपयुक्त शिक्षण आहे, आणि त्यातून पशुधन पर्यवेक्षकासारख्या कामाकडे जाता येते. मात्र पदविकेने कोणी नोंदणीकृत पशुवैद्यक होत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार स्वतंत्र व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरालाच आहे आणि पदविकाधारकाने ठरावीक प्राथमिक सेवा त्याच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात. ‘दोन वर्षांत ढोरांचा डॉक्टर व्हा’ अशी जाहिरात कोठे दिसली, तर तेथे पैसे भरण्यापूर्वी हाती नेमके काय पडणार आहे हे लेखी विचारावे.

महाविद्यालयाची मान्यता हा दुसरा मुद्दा. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या मान्यतेशिवाय मिळालेल्या पदवीवर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर शासकीय नोकरीही नाही व दवाखानाही नाही. नव्याने सुरू झालेल्या महाविद्यालयाला आधी प्रवेश देण्याची परवानगी मिळते आणि पूर्ण मान्यता पुढच्या टप्प्यावर येते. त्यामुळे ‘आम्हाला परवानगी आहे’ हे उत्तर अपुरे समजावे. परवानगी कोणत्या वर्षासाठी आहे, किती जागांसाठी आहे आणि पदवी अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे मान्य पदव्यांच्या यादीत, समाविष्ट झाली आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहावे. जुन्या शासकीय महाविद्यालयांबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.

जागा मिळण्याचे तीन मार्ग

पहिला आणि सर्वांत स्वस्त मार्ग राज्य कोट्याचा आहे. महाराष्ट्रात पशुवैद्यक शिक्षणाची जबाबदारी नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. सर्वजण त्याला मफसू म्हणतात. मुंबईतील परळ, नागपूर, परभणी, लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळ ही त्याची पाच जुनी पदवी महाविद्यालये आहेत. अकोल्याची संस्था पदव्युत्तर शिक्षणासाठी ओळखली जाते. अलीकडे राज्यात नवी महाविद्यालये उभी करण्याचे निर्णय झालेले असल्याने त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच यादी पक्की करावी. या महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा महाराष्ट्राचे अधिवास असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात आणि त्या मफसूच्या प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जातात. एमबीबीएससाठी राज्याच्या सीईटी कक्षाकडे भरलेला अर्ज येथे चालत नाही. मफसूचा अर्ज स्वतंत्रपणे भरावा लागतो. चांगले गुण असूनही केवळ हा अर्ज न भरल्यामुळे संधी गमावणारी मुले असतात, आणि या नुकसानीवर पुढे काहीही उपाय उरत नाही.

दुसरा मार्ग अखिल भारतीय कोट्याचा. देशभरातील शासकीय पशुवैद्यक महाविद्यालयांतील १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद नीटच्या गुणवत्तेवर स्वतःच्या समुपदेशनातून, म्हणजे प्रवेश फेऱ्यांतून, भरते. त्याचीही नोंदणी वेगळी असते. खानदेशासाठी हा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपला भाग दोन राज्यांच्या सीमेला लागून आहे. नंदुरबारहून ताप्ती मार्गाच्या गाडीने सुरत गाठले की नवसारी फार दूर राहत नाही, आणि रावेर-मुक्ताईनगरच्या विद्यार्थ्याला इंदूरजवळचे महू येथील महाविद्यालय शिरवळ किंवा उदगीरपेक्षा सोयीचे पडू शकते. परंतु अंतर कमी असल्याने प्रवेश सोपा होत नाही. गुजरातच्या ८५ टक्के जागा गुजरातच्या, मध्य प्रदेशच्या ८५ टक्के जागा मध्य प्रदेशच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. अगदी सीमेलगत राहणाऱ्या नवापूरच्या मुलालाही नवसारीला जायचे असेल तर त्या १५ टक्क्यांतूनच जावे लागते. परळ किंवा नागपूरची जागाही या दुसऱ्या मार्गाने मिळू शकते, म्हणून दोन्ही अर्ज भरणे हेच शहाणपणाचे.

तिसरा मार्ग खासगी महाविद्यालयांचा. राजस्थानसह काही राज्यांत अशी महाविद्यालये बरीच आहेत आणि त्यांचे शुल्क वर्षाला काही लाखांत जाते. त्यांतही चांगले शिकवणाऱ्या संस्था आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र मध्यस्थामार्फत, ‘जागा राखून ठेवतो’ म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्या कोणाशीही व्यवहार करू नये. नीटशिवाय आणि अधिकृत प्रक्रियेबाहेर झालेला प्रवेश पुढे नोंदणीच्या वेळी अडचणीत येतो आणि तोपर्यंत वर्षे व पैसे दोन्ही खर्च झालेले असतात.

हिशेब साडेपाच वर्षांचा करावा

महाविद्यालयांची तुलना करताना बहुतेक पालक पहिल्या वर्षाच्या शुल्काकडे पाहतात. तो आकडा दिशाभूल करू शकतो. शिक्षण शुल्काच्या जोडीला वसतिगृहाचे भाडे, खाणावळ, परीक्षा शुल्क, अनामत रक्कम, पुस्तके, पांढरा कोट, गमबूट, विच्छेदनाची हत्यारे आणि घरी येण्याजाण्याचा प्रवास असे अनेक खर्च असतात, आणि ते साडेचार वर्षे चालतात.

समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. हे कोणत्याही विशिष्ट महाविद्यालयाचे दर नाहीत. समजा, शासकीय महाविद्यालयात शुल्क आणि वसतिगृह मिळून वर्षाला ५०,००० रुपये, खाणावळ १० महिन्यांची ४०,००० रुपये आणि पुस्तके, साहित्य, प्रवास मिळून २५,००० रुपये लागतात. वर्षाचे झाले १,१५,००० आणि साडेचार वर्षांचे ५,१७,५०० रुपये. आता दुसरीकडे खासगी महाविद्यालयात शुल्क व वसतिगृह मिळून वर्षाला ३,५०,००० रुपये आहे आणि बाकीचा खर्च तेवढाच आहे असे धरले, तर साडेचार वर्षांचा खर्च १८,६७,५०० रुपये होतो. फरक १३,५०,००० रुपयांचा. ही रक्कम १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर दरमहा सुमारे १७,८०० रुपयांचा हप्ता बसतो, आणि यात शिक्षण चालू असतानाचे व्याज धरलेलेच नाही. नव्याने दवाखाना टाकणाऱ्या पशुवैद्यकाला पहिली काही वर्षे एवढा हप्ता काढणे कठीण जाते, हे लक्षात घेऊनच निर्णय करावा. प्रत्यक्ष आकडे हाती आले की अशीच मांडणी प्रत्येक महाविद्यालयासाठी कागदावर करून पाहावी. आंतरवासितेच्या वर्षी विद्यावेतन मिळत असल्याने त्या वर्षाचा भार काहीसा हलका होतो. पण ते किती आहे, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

याच हिशेबातून आणखी एका प्रश्नाचे उत्तर मिळते: यंदा शासकीय जागा थोडक्यात हुकली, तर खासगी जागा घ्यावी की नीट पुन्हा द्यावी? माझे मत असे आहे की मागील वर्षी आपल्या प्रवर्गाचा प्रवेश जेथे थांबला त्याच्या जवळपास गुण असतील, तर एक वर्ष अधिक अभ्यासाला देणे रास्त ठरते, कारण त्या एका वर्षाचा खर्च वरच्या फरकापुढे लहान आहे. गुणांत मोठे अंतर असेल तर मात्र दुग्धतंत्रज्ञान, मत्स्यविज्ञान किंवा कृषी या पदव्यांचा विचार करावा. तीन-तीन वर्षे नीट देत राहण्याचा सल्ला मी कोणत्याही विद्यार्थ्याला देणार नाही.

पाच महाविद्यालयांत निवड कशी करावी

मफसूच्या महाविद्यालयांत शिक्षण शुल्काचा फरक हा मोठा प्रश्न नसल्याने राहण्याचा व प्रवासाचा खर्च आणि शिकायला मिळणारी जनावरे यांवर पसंतीक्रम ठरवावा. भुसावळ किंवा जळगावहून नागपूरला थेट गाड्या आहेत आणि विदर्भाशी आपल्या भागाचा जुना संबंध आहे. शिवाय गोरेवाडा येथे विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र असल्याने वन्यप्राण्यांची आवड असलेल्यांना तेथे वाव मिळतो. परभणीला मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना या मार्गाने रेल्वेने जाता येते, गावात राहणे-खाणे तुलनेने स्वस्त आहे आणि शेतकऱ्यांची जनावरे उपचारासाठी येतात. उदगीर देवणी आणि लाल कंधारी या गोवंशांच्या प्रदेशात आहे, पण खानदेशापासून ते बरेच लांब पडते. शिरवळ पुणे-सातारा महामार्गावर असून पुण्यापर्यंत जाऊन पुढे बस धरावी लागते. परळचे महाविद्यालय १८८६ सालचे, राज्यातील सर्वांत जुने. बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालयाच्या आवारात असल्याने कुत्री-मांजरे आणि शहरी रुग्णांचा अनुभव तेथे भरपूर मिळतो. मुंबईत वसतिगृहात खोली मिळाली तर खर्च आटोक्यात राहतो, आणि बाहेर राहावे लागले तर दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयापेक्षा तो अधिक होतो. म्हणून परळ वरच्या क्रमांकावर ठेवण्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह नक्की मिळते का, हे तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडून जाणून घ्यावे.

गावाकडे परत येऊन मोठ्या जनावरांचा व्यवसाय करायचा असेल, किंवा जिल्हा दूध संघात वा लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी म्हणून काम करायचे असेल, तर परभणी किंवा नागपूर यांना परळच्या वर ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. गाय अडली असता वासरू सोडवणे, म्हशीच्या माजाचे निदान करणे, मेंढ्यांच्या कळपाचे लसीकरण करणे ही कामे हाताने करूनच येतात, आणि ती करण्याची संधी जेथे जास्त तेथे शिक्षण चांगले.

प्रवेशाच्या फेऱ्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच नीटच्या गुणांवर एमबीबीएस आणि इतर अभ्यासक्रमांचे प्रवेश होत असल्यामुळे पहिल्या फेरीत पशुवैद्यकाची जागा घेतलेले काही विद्यार्थी नंतर तिकडे जातात आणि जागा रिकाम्या होतात. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घाईने खासगी महाविद्यालयात पैसे भरू नयेत; शेवटच्या फेरीपर्यंत थांबावे. मात्र मिळालेली जागा कोणत्या फेरीपर्यंत सोडता येते आणि सोडल्यास किती रक्कम परत मिळते, हे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच पुढचे पाऊल टाकावे.

शिष्यवृत्त्या आणि कागदपत्रे

शासकीय जागा मिळाल्यावरही शुल्काचा मोठा भाग शासनाकडून मिळू शकतो, आणि त्यासाठी महाडीबीटी या संकेतस्थळावर दरवर्षी अर्ज करावा लागतो. अनुसूचित जाती व जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पूर्ण लाभासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये धरली जाते. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असून तिची उत्पन्न मर्यादा आठ लाख रुपये आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेतून राहण्या-जेवणासाठी मदत मिळते. खानदेशातील कितीतरी कुटुंबे या योजनेत बसतात, तरी तिच्याकडे दुर्लक्ष होते याचे वाईट वाटते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल या भागांतील भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबांनी स्वयम् योजनेची चौकशी आपल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात अवश्य करावी.

मुलींसाठी २०२४-२५ पासून महत्त्वाचा बदल झाला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन पूर्णपणे भरते. त्यासाठी प्रवेश अधिकृत केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो; व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. ज्या घरात मुलीला ‘एवढ्या लांब, एवढा खर्च’ म्हणून थांबवले जाते, त्या घरात हा शासन निर्णय वाचून दाखवला पाहिजे.

या सर्व सवलती कागदांवर अवलंबून आहेत. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करावा, कारण पडताळणी समितीकडे वंशावळ व जुने पुरावे सादर करण्यात महिने जातात आणि ऐन प्रवेशाच्या वेळी ते मिळाले नाही तर राखीव जागाच हातची जाते. अधिवास प्रमाणपत्र, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्र, अल्पभूधारक असल्याचा दाखला आणि विद्यार्थ्याच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते हेही नीटच्या निकालापूर्वी तयार ठेवावे. बाहेरच्या राज्यात जागा घेतल्यास महाराष्ट्राच्या अनेक योजना लागू होत नाहीत, त्यामुळे नवसारी किंवा महू जवळ असले तरी घरातून प्रत्यक्ष द्यावी लागणारी रक्कम परभणीपेक्षा जास्त होऊ शकते.

शिष्यवृत्ती वजा जाऊनही रक्कम कमी पडत असेल तर सावकाराकडे किंवा सोने गहाण ठेवण्याकडे वळण्यापूर्वी राष्ट्रीयीकृत बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा विचार करावा. साडेसात लाख रुपयांपर्यंतचे कर्ज केंद्र शासनाच्या पतहमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकते, म्हणजे शेत गहाण ठेवण्याची गरज पडत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असेल, तर शिक्षणाच्या काळातील आणि त्यानंतरच्या एका वर्षाचे व्याज भरणारी केंद्राची अनुदान योजना आहे. तिचा उत्पन्नाचा दाखला बँकेला कर्ज घेतानाच द्यावा लागतो. शाखेत जाण्यापूर्वी महाविद्यालयाकडून साडेचारही वर्षांच्या शुल्काचे, वसतिगृहासह, वर्षवार तपशील असलेले पत्र घ्यावे. शाखा त्या पत्रावरच कर्जाची रक्कम ठरवते आणि पत्रात न लिहिलेला खर्च नंतर मंजूर करून घेणे अवघड जाते.